मनोगताआधी जमाखर्च

धायरी, पुणे

चि. खजिनदारबाईंस,
अनेक आशीर्वाद.

निरोपाच्या सभेसाठी लिहिलेलं तुझं मनोगत काल रात्री वाचलं. "आत्या, फक्त शुद्धलेखन तपासून दे" म्हणालीस, म्हणून आधी ते उरकते. 'आशीर्वाद'मधली शी दीर्घ, 'कार्यकारिणी'तली शेवटची णी दीर्घ. झालं. आता तू विचारलं नाहीस ते सांगते. फोनवर बोलले असते तर तू "हो आत्या, हो आत्या" करत ऐकलं असतंस आणि चहा पिऊन होईस्तोवर विसरली असतीस. म्हणून कागद घेतला.

साडेतीन पानं लिहिलीस. त्यात 'कुटुंब' सहा वेळा, 'घडवलं' चार वेळा आणि 'सोनेरी' दोनदा. एकाही कामाची तारीख नाही, एकाही खर्चाचा आकडा नाही. खजिनदाराच्या मनोगतात आकडा नाही, याला काय म्हणावं! हेच भाषण उद्या भोरच्या एखाद्या भजनी मंडळात कुणी वाचलं तरी खटकणार नाही. आपल्या सासवडकडच्या कऱ्हेपठारावरचं, आपल्या तरुण मंडळाचं असं त्यात आहे काय?

या वर्षी कार्यकारिणीच्या अकरातले पाच जण बाहेर पडताय. दोघांची एकोणतिशी उलटली. २०१४च्या राष्ट्रीय युवा धोरणात तरुण म्हणजे १५ ते २९ असं धरलंय, तोच आकडा तुम्ही मंडळाच्या नियमात घेतलात आणि पाळलातही, याचं मला खरंच कौतुक आहे. नाहीतर नातवंडं खेळवणारे 'तरुण मंडळा'चे अध्यक्ष मी कमी पाहिलेले नाहीत. तिसरा चाकणला कंपनीत लागला, चौथा नवी पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्ची धरून स्पर्धा परीक्षा देणार, आणि तू पदवी घेऊन हडपसरला नोकरीला. राहिले सहा. त्यातला सगळ्यात मोठा एकवीस वर्षांचा. तुझं मनोगत खरं त्या सहा जणांसाठी आहे. स्टेजवर बसलेले सरपंच, चेअरमन टाळ्या वाजवून जेवायला जातील. कागद ज्यांच्या हातात राहायचा ते हे सहा.

मग त्यांच्या उपयोगाचं काय लिहायचं? माळावरची झाडं लिही. तुझ्या मनोगतात 'आम्ही वृक्षारोपणाचा यशस्वी उपक्रम राबवला' असं एक वाक्य आहे. तूच मला दिवाळीत वही दाखवली होतीस. जुलैत दीडशे रोपं लावली, फोटो दीडशेचे निघाले, मार्चअखेर जिवंत एकोणीस. हे तू स्वतः माळावर फिरून मोजलंस आणि वहीत लिहिलंस. मग भाषणात ते 'यशस्वी' कसं झालं? मेलेल्या झाडांची लाज वाटायचं कारण नाही, ती का मेली हे लिही. खड्डे लावणीच्या दिवशी सकाळी खणले होते. आपल्या बाजूला मे महिन्यात दोन बाय दोनचे खड्डे काढून उन्हात तापू द्यावे लागतात, तळाला शेणखत टाकून पहिला चांगला पाऊस झाला की मग रोप. पुण्यात धो धो कोसळत असतं तेव्हा दिवे घाटाच्या अलीकडे आपल्याकडे नुसतं भुरभुरतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण रोपं आणायला टेम्पो त्या दिवशी मिळाला आणि पाहुणेही त्याच दिवशी मोकळे होते, म्हणून लावली. शेळ्यांचं तर कुणी मनातच आणलं नाही.

आणि जी एकोणीस जगली ती कुणामुळे? दर शुक्रवारी टेम्पोत दोनशे लिटरचं पिंप घालून माळावर जाणारा तो पोरगा, दहावीत शाळा सुटलेला. तो तुमच्या कुठल्याच फोटोत नाही, कारण फोटो काढायच्या वेळी तो टेम्पो मागे घेत असतो. तुझ्या साडेतीन पानांतही नाही. 'सर्व सहकाऱ्यांचे आभार' या तीन शब्दांत त्याला बसवलंस. त्याचं नाव घे, शुक्रवार लिही, पिंप लिही. पुढच्या वर्षी पाणी घालायला कुणाला विचारायचं हे त्या सहा जणांना कळेल.

पालखीचंही तसंच. पुण्यातले दोन मुक्काम आटोपून माउली दिवे घाट चढून सासवडला येतात, आपण रस्त्याकडेला पिठलं-भाकरी आणि चहा करतो, हे सगळा तालुका करतो. त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. मला तुमची दुसऱ्या दिवशीची सकाळ आवडते. दिंड्या पुढे गेल्यावर तुम्ही आठ जण पोती घेऊन दीड किलोमीटर पत्रावळ्या आणि कागदी ग्लास वेचत गेलात. सेवा करायला चाळीस होते, वेचायला आठ. तेवढे दोन आकडे वाचून दाखव आणि पुढच्या कामाकडे वळ. बाकीचे बत्तीस समोरच बसलेले असतील.

डीजेचा ठराव तू गाळलास, तो मला सगळ्यात जास्त खटकला. गणपतीच्या वर्गणीतून पंचवीस हजार अभ्यासिकेला द्यायचे की डीजेला, यावर सभा झाली, हात वर झाले आणि तुझा ठराव अकरा विरुद्ध चौदा असा पडला. मिरवणुकीत तू घरी बसलीस हेही मला कळलंय, तुझ्या आईनं सांगितलं. आता म्हणशील, निरोपाच्या दिवशी जुनी भांडणं कशाला. अगं, भांडण उकरू नकोस, ठराव सांग. अकरा हात वर झाले होते हे नव्या पोरांना कळलं पाहिजे. त्यांना वाटत असेल की असलं कुणी कधी मांडलंच नव्हतं. पुढच्या वर्षी दोन हात इकडे वळले की झालं.

मुलींचं एक राहिलं. खानवडी आपल्यापासून किती लांब? फुल्यांचं गाव म्हणून आपण पाहुण्यांना ते दाखवायला नेतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. आणि कार्यकारिणीत मुलगी घ्यायची म्हटलं की तिला देतात रांगोळी. तू खजिनदार झालीस ते एक पोरगा ऐन वेळी पुण्याला गेला म्हणून, हेही लिही. पुढची मुलगी ऐन वेळेची वाट न बघता नाव देईल.

आता माझी गोष्ट. तुझ्या आधी या मंडळाची खजिनदार एकच मुलगी होती, ती मी. हे गावात फारसं कुणाला आठवत नाही, आणि ते आठवू नये असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं.

१९९४च्या आषाढात पालखीच्या चहाचं सामान मी सासवडच्या बाजारातून आणलं. साखर, चहापत्ती, सुंठ, वेलदोडे, सगळे मिळून ३४० रुपये. दुकानदारानं पांढऱ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं बिल करून दिलं. घाईत मी ती कच्च्या वहीत खोचली, रात्री कीर्दीत, म्हणजे जमाखर्चाच्या पक्क्या वहीत, चढवीन म्हणाले आणि चढवली नाही. डिसेंबरात माझं लग्न झालं. लोखंडी पेटीत साड्यांखाली शाळेचे दाखले, त्यांच्याखाली ती कच्ची वही, आणि पेटी दत्तवाडीच्या दोन खोल्यांत पलंगाखाली. निरोप-समारंभ वगैरे काही झाला नाही. मुलगी मंडळातून कशी बाहेर पडते? लग्नपत्रिकेवर. मुलगा निघाला तर शाल-नारळ.

मार्चअखेर हिशोब जुळवायला बसले तेव्हा ३४० कमी भरले. तेव्हा ते थोडे नव्हते. रोख रकमेचा डबा माझ्यामागे सेक्रेटरीकडे गेला होता, त्यामुळे बोट त्याच्याकडे वळलं. कुणी तोंडावर 'खाल्ले' म्हणालं नाही. आपल्याकडे तसं म्हणत नाहीत, नुसतं पारावर बोलणं थांबतं. मला विचारायचं कुणीतरी सुचवलं होतं म्हणे. पण "लेक सासरी नांदतेय, तिला पैशाचं कशाला विचारायचं" असं म्हणून माझ्याच चुलत्यांनी ते मिटवलं. माझी अब्रू राखायला गेले आणि त्याची घालवून बसले. त्यानं मंडळ सोडलं. त्याच्यामागे दोन वर्षं मंडळाची सभाच झाली नाही.

२००६ साली दत्तवाडीतून धायरीला बिऱ्हाड हलवताना पेटी उघडली, वही झटकली आणि चिठ्ठी खाली पडली. पेन्सिल पुसट झाली होती, पण ३४० स्पष्ट दिसत होतं. मी तिथेच पेटीच्या कडेवर बसले. पुढे एका लग्नात तो भेटला तेव्हा सांगितलं. तो हसला, म्हणाला, "झालं गेलं, जेवलीस का?" त्याची बायको शेजारीच होती. ती एक शब्द बोलली नाही, आणि पंगतीत माझ्यापासून चार पानं सोडून बसली. तिचं बरोबरच होतं. मी सांगितलं ते एकट्याला, हळू आवाजात. गावानं जे धरलं होतं ते गावात तसंच राहिलं.

म्हणून तुला जाताना काय काय सोडायचं ते बजावून सांगते. मनोगत त्यानंतर. कीर्द आजच्या तारखेपर्यंत पुरी कर, शिल्लक सगळ्यांदेखत मोज आणि खाली नव्या खजिनदाराची सही घे. पावती पुस्तकं किती वापरली, किती कोरी, हे नंबरासकट लिही. कोरं पुस्तक कुणाच्या घरी राहिलं तर ते दहा वर्षांनी भलत्याच वर्गणीला बाहेर येतं. बँकेत सह्या बदलायला ठरावाची प्रत लागते आणि नव्या पोरांची केवायसी. ते तू असतानाच करून घे, नाहीतर चेकवर सही घ्यायला ते सहा जण मोटारसायकलवर हडपसरला येत बसतील. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे चेंज रिपोर्ट. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत तो दाखल करायचा असतो. आपल्याकडची निम्मी मंडळं मरतात ती भांडणानं नाही, या एका कागदानं. कामं नवी पोरं करत असतात आणि दप्तरी नावं वीस वर्षांपूर्वीच्या लोकांची, त्यातले काही वारलेलेसुद्धा. मग एखादा निधी यायची वेळ आली की पळापळ. मी तीस वर्षं एका सीएच्या ऑफिसात हेच कागद चाळले, त्यामुळे यावर माझ्याशी वाद घालू नकोस. अडलं तर फाइल घेऊन धायरीला ये. जेवायलाच ये.

पुण्याला आल्यावरचं एक. पहिले सहा महिने तुला गावाची फार आठवण येईल आणि हात सारखा मंडळाच्या ग्रुपवर जाईल. जाऊ देऊ नकोस. आपल्या गावचे पुणेकर मी चांगले ओळखते. सिंहगड रोडला बाल्कनीत बसून माळावर कुठलं झाड लावायचं ते सांगतात, वर्गणी विचारली की नेटवर्क जातं. तू वर्गणी वेळेवर पाठव आणि विचारल्याशिवाय मत देऊ नकोस. नव्या खजिनदाराच्या हातून पहिल्या वर्षी चूक होणार, बेरीज हुकणार. हुकू दे. तिचा फोन आला तर उचल, तिनं केला नाही तर आपण करू नकोस. 'दर रविवारी येईन' असं तू मनोगतात जाहीर केलंयस, ते वाक्य काढच. तुला सुट्टी रविवारी असेल याची तरी खात्री आहे का?

'सोनेरी क्षण' कुठे घालू असं विचारशील. तुला चालत असेल तर एक ठेव. मागच्या मे महिन्यात अभ्यासिकेचे पत्रे उडाले त्या रात्री तुम्ही तिघी-चौघी पुस्तकं पोत्यात भरून देवळाच्या ओवरीत नेत होतात आणि तुझी चप्पल चिखलात रुतून राहिली. मला तू ते हसत हसत सांगितलं होतंस. तसंच सांग, 'सोनेरी' न म्हणता.

निरोपाची सभा येत्या रविवारी ना? मी नऊच्या गाडीनं निघून सासवड स्टँडवर उतरते, घ्यायला कुणाला तरी पाठव. कच्ची वही आणि ती चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतेय. चिठ्ठी आता हाताळण्यासारखी राहिलेली नाही, तिचा फोटो काढून ठेव. तुमची मनोगतं सुरू व्हायच्या आधी मला पाच मिनिटं दे आणि इतिवृत्तात नोंद घाल : 'सन १९९४ पालखी सेवा, चहा साहित्य, रुपये ३४०, बिल उशिरा सादर, खर्च मंजूर.' सूचक म्हणून माझं नाव लिही. त्याला मी परवा फोन केलाय, येतो म्हणालाय, बायकोला घेऊन. अनुमोदकाची जागा कोरी ठेव.

तुझी,
आत्या