सुमो पैलवान निवृत्त होताना त्याचे केस समारंभाने का कापतात?

कारण डोक्यावरचा तो बुचडा म्हणजेच त्याचं पैलवानपण. पूर्वी जपानचे लढवय्ये, सामुराईही बुचडा बांधत. १८७१ मध्ये तिथल्या मेइजी सरकारने केस कापायची मोकळीक दिली आणि हळूहळू बाकीच्यांचे बुचडे गेले, सुमोवाल्यांचे तेवढे राहिले. ते बांधायला तालमीत खास न्हावी असतो, तोकोयामा. सुगंधी मेणासारखं तेल चोपडून तो केस बसवतो.

निवृत्तीच्या समारंभाला 'दानपात्सु-शिकी' म्हणतात. मोठ्या पैलवानांचा बहुधा टोकियोच्या र्‍योगोकु कोकुगिकान या सुमोच्या स्टेडियममध्ये होतो. पैलवान पारंपरिक पोशाखात आखाड्याच्या मधोमध बसतो. कधी कधी शेकडो पाहुणे असतात. एकेक जण मागून येतो, सोनेरी कात्रीने चार केस कापतो, खांद्यावर थोपटतो, कानात काहीतरी बोलतो. शेवटची कात्री गुरूची. इतका वेळ दगडासारखा बसलेला माणूस तिथेच रडतो.

एक गोष्ट मात्र खटकते: आखाड्यावर बायकांना मज्जाव. त्यामुळे आईला किंवा बायकोला कात्री चालवायची असेल तर आखाड्याबाहेर, वेगळी.

नंतर पैलवान आत जाऊन केस साधे कापून घेतो आणि कोट-टाय घालून बाहेर येतो. पहिल्या क्षणी ओळखूच येत नाही.