वाचकांचे प्रश्न : "पोरगा हुशार आहे मग वाचत का नाही?"

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. केळीचा भाव, घडाचं वजन, मजुरांचा हिशोब सगळं तोंडी सांगतो पण पुस्तक उघडलं की रडकुंडीला येतो. 'घर'ला 'धर' वाचतो, जोडाक्षर आलं की सोडूनच देतो, फळ्यावरचं उतरवताना अर्धी ओळ गायब. सर म्हणतात लक्ष नाही, सासरे म्हणतात घरात अहिराणी बोलता म्हणून असं होतं, आणि ट्यूशनवाले मारतात. काय करू?
– एक आई, यावल तालुका

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ते मारणं बंद करा, आजच. ट्यूशन सोडावी लागली तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय त्यावरून डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखन शिकताना येणाऱ्या अडचणीची, शंका येते, पण पत्रावरून मी ठरवू शकत नाही, तपासणी करावीच लागेल. आणि अहिराणीला दोष देऊ नका. घरी अहिराणी बोलणारी हजारो पोरं खान्देशात छान मराठी वाचतात, डिस्लेक्सिया घरातल्या भाषेमुळे होत नाही. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड घालायचं मेंदूचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं म्हणून तो होतो, पुष्कळदा घराण्यातही असतो, बुद्धीशी त्याचा संबंध नाही. माझ्याकडे चोपड्याकडची एक मुलगी यायची, 'नदीत मगर असते' हे तिने 'नदीत भगर असते' असं वाचलं आणि लगेच थांबून मलाच विचारलं, भगर नदीत कशी राहील? म्हणजे अर्थ तिला कळतच होता, अडत होतं ते फक्त म आणि भ पाशी.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग शाळेला सांगून तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना गाठा, ते सिव्हिल हॉस्पिटलची पुढची वाट दाखवतील. तपासणी मराठीतूनच करा असा आग्रह धरा, फक्त इंग्रजी वाचायला लावून काही ठरत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली 'डाली' ही चाचणी मराठीत आहे.

तपासणीनंतर मिळणाऱ्या डिस्लेक्सियाच्या प्रमाणपत्राला लोक घाबरतात, पोराला शिक्का बसेल म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण शिक्का तर 'ढ' म्हणून आधीच बसलेला असतो. महाराष्ट्राने 1996 पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्यात, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हे आलंय, त्यामुळे दहावीला जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी असं मिळू शकतं, पण कागद हातात नसेल तर त्यातलं काही मिळत नाही. धावपळ दहावीच्या वर्षी नको, आत्तापासूनच सुरू करा.

घरी रोज थोडा वेळ, एका वेळी एकच अक्षर, आधी आवाज मग आकार, ताटात रेती घेऊन बोटाने गिरवू द्या. धडा तुम्ही वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या. आणि केळीचा हिशोब त्याच्याकडेच राहू द्या, तो त्याचा मान आहे.

प्रश्न : पालकसभेत डिस्लेक्सियाचा विषय काढला की "आमचा पोऱ्या येडा आहे का?" म्हणून पालक उठून जातात. गावात जागृती कशी करायची?
– एक शिक्षक, अमळनेर तालुका

उत्तर : सर, कुठल्याच मुलाचं नाव घेऊ नका, तिथेच बिनसतं. एक उतारा उलट्या अक्षरांत छापा, पालकांना घड्याळ लावून मोठ्याने वाचायला सांगा. अडखळताना मागून कुणीतरी "लवकर वाच" म्हणेलच, तेव्हा थांबवा आणि मग बोला. ऑक्टोबर हा डिस्लेक्सिया जागृतीचा महिना असतो, त्यात हे शाळा व्यवस्थापन समितीकडून करून घ्या, अंगणवाडी ताईंना आणि आजी-आजोबांना मुद्दाम बोलवा, कारण पोराला नावं ठेवायला सुरुवात बऱ्याचदा घरातूनच होते. आणि वर्गात अशा मुलाला अचानक उभं करून वाचायला लावू नका, वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशीच त्याच्या हातात द्या.