कॉलेजनंतरही आयुष्यभर हौसेने खेळत राहिलेलं इथे कोणी आहे का? मागे वळून बघताना काय वाटतं?

तुम्ही लिहिलंय की वय 34, लग्नानंतर जुळे सोलापूरला राहायला आलात, कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायचात, आणि आता वेळच मिळत नाही. मी 63 वर्षांची. जन्म सोलापूरचा, नोकरीही सोलापुरात, 2020 साली एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले. आयुष्यभर खेळले म्हणणं जरा धाडसाचं होईल, कारण मध्ये सात वर्षांचं भगदाड आहे. पण खेळले. आणि चांगली कधीच खेळले नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे एखादं पदक येईल म्हणून वाट बघायला नको.

सुरुवात खो-खोची, 1980 ते 83. मैदानावर आधी पाणी मारून धूळ बसवायची, मग चुन्याची आखणी. मधल्या पाटीवर आठ जणी, एकीआड एक विरुद्ध बाजूला तोंड करून. बाहेरून बघणाऱ्याला त्या नुसत्या बसलेल्या दिसतात. प्रत्यक्षात एक पाय मागे, टाच उचललेली, सगळा भार चवड्यांवर आणि बोटं मातीला टेकलेली. पाठीवर थाप आणि कानात ‘खो’ आल्याशिवाय उठलात की फाउल. पळण्यात मी सुमारच होते आणि खांबाला धरून सूर मारायची हिंमत शेवटपर्यंत झाली नाही. उठणं मात्र मला जमायचं. थाप पडली की मी दोन पावलं पुढे गेलेली असायचे. सर म्हणायचे, हिला कुठेही बसवा, पण खो वेळेवर द्या.

ते वाक्य मला नंतर पुष्कळदा आठवलं. कारण पुढच्या आयुष्यात मी आपणहून उठून कुठल्याच खेळाकडे गेले नाही. प्रत्येक वेळी मागून कोणीतरी थाप मारली.

1985 ला नोकरी, 87 ला लग्न, मग दोन मुलं. ती सात वर्षं खेळ शून्य. लोक अशा वेळी सासरचं नाव पुढे करतात. माझ्या सासूबाईंनी कधी नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मी कधी विचारलंच नाही.

1994 साली आम्ही अशोक चौकाच्या पुढे भाड्याने राहायला गेलो. पूर्व भाग म्हणजे घराघरात तेलुगू आणि दिवसभर यंत्रमागाचा खटखटाट. पहिला महिना डोकं उठलं, मग इतकी सवय झाली की माग थांबले तरच जाग यायची. शेजारी एक पद्मशाली कुटुंब होतं, घरामागच्या शेडमध्ये टॉवेलचे चार माग. त्या घरातली थोरली सून माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. माग चालू असले की अक्का बॉबिनवर सूत भरत बसलेली. वीज गेली की माग बंद, आणि माग बंद की अक्का मोकळी. त्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. एका संध्याकाळी वीज गेली आणि भिंतीवरून हाक आली, “वैनी, लाइट गेली! वर ये की, एक बॅट जास्तीची हाय.”

वर म्हणजे त्यांच्या गच्चीवर. दोन काठ्यांमध्ये दोरी आणि दोरीवर एक फाटकी चादर, हे आमचं बॅडमिंटनचं नेट. फुलाची दोन-चार पिसं आधीच गळालेली, त्यामुळे ते कुठेही जायचं. दोघी साडीत, पदर कमरेला खोचलेला. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत मला धाप लागली. अक्का हसली नाही. “उद्या पण जाईल लाइट,” एवढंच म्हणाली.

पुढे अक्काच्या जावा आल्या, समोरच्या घरातल्या एक शिक्षिका आल्या आणि चौघींची दुहेरी सुरू झाली. चादर जाऊन तिथे अक्काने मागाच्या सुताने विणलेली जाळी आली. आता मी हॉलमध्ये विकतच्या नेटवर खेळते, पण तसं ताणून बसलेलं नेट पुन्हा पाहिलं नाही. वारा मात्र सुटला की खेळ खलास. पिसांचं फूल जेमतेम पाच ग्रॅमचं, गच्चीवरून उडालं की थेट खालच्या शेडमध्ये. तिथून ते आणायला आमची मुलं ठेवलेली, गोळीच्या बोलीवर. शेवटी नायलॉनचं पिवळं फूल घेतलं. ते जड लागतं, हाताला मजा येत नाही, पण महिनाभर टिकतं. मे महिन्यात पारा 43 च्या आसपास गेला की गच्ची रात्री नऊपर्यंत तव्यासारखी तापलेली असायची, म्हणून तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत उरकायचं.

कार्यालयीन क्रीडा स्पर्धांचं थोडक्यात सांगते. दरवर्षी बायकांसाठी संगीत खुर्ची आणि थ्रोबॉल. संगीत खुर्चीला मी खेळ मानत नाही. थ्रोबॉल मात्र उगाच हिणवला जातो. चेंडू दोन्ही हातांनी एकदमच झेलायचा आणि तीन सेकंदांत एका हाताने खांद्यावरून परत टाकायचा. चाळिशीतल्या, पाच वर्षांत न पळालेल्या बाईला हे करायला लावा, मग बोला. तुम्ही व्हॉलीबॉलवाल्या आहात, तुम्हाला चेंडू हातात धरून ठेवणं पाप वाटेल, ते समजू शकते.

2006 मध्ये बॅडमिंटनचे गुण बदलले. आधी सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण मिळायचा आणि गेम 15 चा असायचा. मग 21 चा गेम झाला आणि प्रत्येक रॅलीला गुण. आमच्या मुलांनी टीव्हीवर पाहून आम्हाला शिकवलं. अक्काने ते आजतागायत मनापासून मान्य केलेलं नाही. “सर्व्हिस नसताना गुण कसला? फुकटचा गुण!” वर्षभर आमच्या गच्चीवर दोन्ही हिशोब चालायचे आणि जो जिंकवतो तो हिशोब खरा.

त्यानंतर आम्ही घर बदललं. पण अक्काचा फोन यायचा आणि लग्नसराई नसलेल्या दिवसांत एक मंगल कार्यालय सकाळी तासाभरासाठी मिळायचं. तिथली शहाबादी फरशी. 2011 मध्ये, वयाच्या 49 व्या वर्षी, मागे जाणारं फूल घ्यायला वळले, बूट जागेवर राहिला आणि गुडघा वळला. आवाज मलाच ऐकू आला. लिगामेंट. पोस्टिंगच्या भाषेत सांगायचं तर सहा महिने ‘प्रतीक्षाधीन’. चूक फरशीची कमी आणि माझी जास्त होती: झिजलेले बूट घालून, अंग न तापवता, आल्या आल्या उड्या. व्यायाम दिला होता तो असा: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची आणि दहा आकडे मोजायचे. टॉवेल अर्थातच अक्काच्या घरचा. ती समोर बसून तेलुगूत मोजायची, ओकटी, रेंडू, मूडू, आणि सातावर आल्यावर मुद्दाम बोलायला लागायची, म्हणजे मी दाबूनच बसलेली.

डॉक्टर म्हणाले, आता पोहा. पन्नाशीत पाण्यात उतरले, महिलांच्या सकाळच्या बॅचला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. ‘पोहणं गुडघ्याला चांगलं’ हे सरसकट खरं नाही. मला आधी शिकवला तो ब्रेस्टस्ट्रोक, बेडकासारखे पाय फेकायचे तो. त्यात गुडघा बाहेरच्या बाजूला वळवून झटका द्यावा लागतो, आणि दुखरा गुडघा नेमका तिथेच ओरडतो. तीन आठवडे सूज घेऊन घरी आले. मग प्रशिक्षक बाईंनी फ्रीस्टाइलवर आणलं, पाय कंबरेपासून हलवायचे. तेव्हा कुठे जमलं. मला पोहणं आवडतं, पण खेळाची भूक त्यात भागत नाही. पाण्यात कोणाला हरवायचं? शिवाय नळाला रोज पाणी न येणारं आपलं गाव. टंचाई आली की तलाव बंद, आणि टंचाई येते ती जीव पाण्यात जावासा वाटतो त्याच महिन्यांत.

दोन वर्षांनी, गुडघ्याला पट्टा लावून, परत बॅडमिंटन. फक्त दुहेरी आणि मी फक्त नेटजवळ. मागचं सगळं अक्का बघायची.

2025 च्या जानेवारीत, गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, यात्रा भरली होती त्याच दिवसांत, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. मॅट, दिव्यांचा झोत, चकचकीत कपडे, सगळंच वेगळं. मी सोफ्यावर बसून पाहत होते. एका मुलीच्या पाठीवर थाप पडली आणि माझी टाच उचलली गेली. चहा सांडला. मुलगा म्हणाला, आई, काय झालं?

तुमच्या वेळ मिळत नाही या वाक्यावर माझा फारसा विश्वास नाही, राग मानू नका. मलाही मिळत नव्हता, तरी वीज गेल्यावर निघायचा. आता अक्काचं सांगते. शुगरमुळे तिचा उजवा खांदा आखडलाय, हात कानाच्या वर जात नाही. गेल्या पाच महिन्यांपासून ती कोर्टाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गुण मोजते, जुन्या पद्धतीने, आणि आम्ही नव्या पद्धतीने मोजतो म्हणून भांडते. आम्ही तिघीच उरलोय, तिघींत दुहेरी होत नाही.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सव्वासहा ते सव्वासात, होटगी रोडला एका हॉलमध्ये. जुळे सोलापूरहून गाडीवर फार वेळ लागत नाही, त्या वेळी रस्ते मोकळे असतात. रॅकेट नसली तरी चालेल, अक्काची आहे. बूट मात्र गम सोलचेच आणा. इथे मेसेज करा, पत्ता पाठवते. या शुक्रवारी नको, हॉलवर साखरपुडा आहे.