दुहेरी काचेच्या खिडकीवरचे पाणी

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. जुन्या लाकडी खिडक्या काढून नुकत्याच दुहेरी काचेच्या बसवल्या. तरीही थंडीत सकाळी काचेच्या खालच्या कडेला पाणी साचते. खिडक्या सदोष आहेत का?

उत्तर : पाणी कोणत्या बाजूला आहे, हे आधी बोट फिरवून पाहावे. ते खोलीच्या बाजूने पुसले जात असेल, तर दोष बहुधा खिडकीचा नसून कोंडलेल्या हवेचा आहे, कारण जुन्या चौकटींच्या फटींतून बाष्प आपोआप बाहेर जात असे आणि ती वाट आता बंद झाली आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या, ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेतील बाष्प सुमारे ९ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी होऊन बसते, आणि काचेची कड, विशेषतः दोन काचांमधली पट्टी धातूची असेल तर, तेवढी सहज गार होते. चौकटीवरची हवेची झडप उघडी ठेवावी, खोलीत कपडे वाळत घालू नयेत, स्वयंपाकाच्या वेळी एक्झॉस्ट पंखा लावावा. बाहेरच्या बाजूचे दव हे तर काच उष्णता नीट रोखत असल्याचे लक्षण आहे.

मात्र दोन काचांच्या मधोमध धुके दिसले, तर कडेचे सील निकामी झाले आहे. तेव्हा हमीपत्र दाखवून काचेचा संच बदलून मागावा.