बाईकचा एअर फिल्टर हवा मारून साफ करावा की नवीनच टाकावा?

आधी आत कोणता फिल्टर आहे ते बघा. सगळा खेळ तिथेच आहे.

फोमचा असेल तर धुता येतो. रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने दाबून धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग फिल्टर ऑइल लावून जास्तीचं तेल दाबून काढा. दाबताना पिळू-मुरगाळू नका, फोम फाटतो. पेट्रोलने धुणं टाळा.

कोरडा कागदी असेल तर कमी दाबाने, आतून बाहेरच्या दिशेने हवा मारा. बाहेरून मारली की धूळ घड्यांमध्ये आणखी रुतते. पण हल्ली बऱ्याच 100-125 सीसी गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर असतो. तो साफ करायचाच नसतो, थेट बदलायचा. गॅरेजवाले सवयीने त्यालाही हवा मारतात, तेवढं सांभाळा!

बदलण्याचं अंतर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, अनेक गाड्यांना साधारण 15-16 हजार किमी. रोज मुरमाच्या रस्त्याने किंवा ट्रकमागून जात असाल तर निम्म्यातच उघडून बघा.

कॉटनच्या महागड्या फिल्टरने रोजच्या गाडीला फारसा फरक पडत नाही. कंपनीचाच घ्या, आणि बसवताना रबरी कड नीट बसली का ते तपासा. फटीतून शिरलेली धूळ पिस्टन-सिलिंडर खाते.