बुटांच्या खोक्याची झाँकी

2020, कोरोनाचं वर्ष. इंग्लंडातल्या लेस्टरहून एका इंदूरकर माहेरवाशिणीचं पत्र आलंय. लिहिते, “मावशी, दरवर्षी इथल्या चार-पाच मराठी घरांचा मिळून गणपती असतो. यंदा दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायची सोय नाही. मूर्ती नाही, दुर्वा नाहीत. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचाची. मुलगा विचारतो, कुणी येणारच नाही तर बसवायचा कशाला? काय सांगू?”

अगं, त्याला उत्तर देत बसू नकोस, कामाला लाव. यंदा 25 मार्चला, देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी, पाडवा होता. आमच्याकडे ना गाठी, ना श्रीखंड. गुढीची काठीही सापडेना, तेव्हा पोछ्याचा दांडा धुऊन त्याला साडी नेसवली. कडुलिंब समोरच्या झाडाचा. नातवाला त्या पाडव्याचा तो दांडा तेवढा आठवतो, अजून खिदळतो.

मूर्तीचं म्हणशील तर सुपारीचा गणपती आपल्याकडे पूर्वापार चालत आलाय. ताटलीत तांदळाची रास, वर सुपारी, झालं. मुलांना मातीचाच करायचा असेल तर त्या मातीची लिंबाएवढी गोळी आधी वाळव आणि पाण्यात टाकून बघ. ओव्हनमध्ये भाजायची रंगीत क्ले विरघळत नाही. विसर्जनाला बाप्पा बादलीच्या तळाशी तसाच बसून राहिला तर पाचाची पोर रडणार, हे लिहून ठेव. दुर्वा नसल्या तर नसोत. पूजेत जे मिळालं नाही त्याच्या जागी आपण अक्षताच तर वाहतो! ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणताना कोणत्या घरात खरे दागिने असतात? त्या अक्षता लेकीच्या हातात दे. वाटी तिची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

आता तुझ्या लेकासाठी. अनंत चतुर्दशीला बाबांच्या खांद्यावर बसून तू इंदूरच्या मिलकामगारांच्या झाँक्या, म्हणजे रथांवरचे देखावे, बघितल्या असशीलच. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, एकेका मिलची झाँकी. मिलचे भोंगे बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण कामगारांनी झाँकी सोडली नाही. पुढे आखाड्यांची पोरं लाठी फिरवतायत, मागे दिव्यांनी लखलखलेले रथ, आणि पहाट होईपर्यंत गर्दी हलत नाही. यंदा 1 सप्टेंबरला रस्ता रिकामा असणार, त्याचं मला इथे इंदुरात बसून वाईट वाटतंय. म्हणून म्हणते, एक झाँकी तुझ्या दिवाणखान्यातून निघू दे.

बुटांचं खोकं घे. चाकांना बाटल्यांची झाकणं, धुऱ्याला बांबूची काडी, ओढायला सुतळी, आत ख्रिसमसची दिव्यांची माळ. पण देखावा काय करायचा ते त्याला ठरवू दे. त्याने डायनासोर ठेवला तरी तोंड उघडू नकोस. इथल्या झाँक्यांतही पुराणाच्या शेजारी अंतराळयान बघितलंय मी. दहा दिवस रोज थोडं थोडं करायचं, पहिल्याच दिवशी संपवायचं नाही. चतुर्दशीला घरातले दिवे मालवून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत मिरवणूक काढा. मुलगा पुढे लाठी फिरवेल, तेवढी कपाटाची काच सांभाळ.

मोदक तळणीचेच कर. ओला नारळ शोधत फिरू नकोस, इथे माळव्यातही तो सहज कुठे मिळायचा? दोन वाट्या कणीक, दोन चमचे रवा, कडकडीत मोहन. सुकं खोबरं किसून मंद आचेवर भाज, त्यात खसखस, वेलची, पिठीसाखर. तुमच्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर हे सगळं मिळतं. कडांना दुधाचं बोट लावलं की पारी सुटत नाही. मुलांनी वळलेले मोदक मात्र सगळ्यांत शेवटी तळ. ते हमखास फुटतात, सारण तेलात जळतं आणि मग चांगल्या मोदकांवरही काळे ठिपके येतात.

गौरींचं मांडू नकोस. एकटीनं, मुलं सांभाळून, ऑफिस घरातून चालवून ते होणार नाही. सासूबाई काही बोलल्या तर माझं नाव सांग.

राहिली आरती. 22 ऑगस्टला शनिवार आहे. इंदुरात संध्याकाळचे सात म्हणजे तुमच्याकडे दुपारचे अडीच, मुलंही ताजी असतील. फोन उभा करून ठेव, पण मुलांना त्याच्यासमोर ओळीने बसवू नकोस. त्यांची तोंडं बाप्पाकडे, आजी-आजोबांना पाठ दिसली तरी चालेल. आवाज पलीकडे पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे ‘सुखकर्ता’ इथे आणि ‘दुःखहर्ता’ तिथे अशी गत होते आणि टाळ्यांचा तर नुसता गोंधळ. पाडव्याला आमची अशीच फजिती झाली. म्हणून एका आरतीला तुमचा माइक बंद, पुढच्या आरतीला इंदूरचा. आजोबांना माइक बंद करता येत नसेल, तर बटण कुठे आहे ते लेकानं त्यांना आदल्या दिवशीच फोनवर शिकवायचं.