पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचे लोक ३००० वर्षांपूर्वी काय खात होते हे कसं कळलं? धान्य कुजून जात नाही का?

कुजतंच, पण जळून कोळसा झालेलं धान्य कुजत नाही, आणि पुरावा मिळतो तो त्याचाच. चुलीत सांडलेले किंवा घर पेटल्यावर करपलेले दाणे जवळजवळ निव्वळ कार्बन होतात, त्यामुळे बुरशी-किड्यांना त्यात खायला काही उरत नाही. उत्खननातली माती पाण्यात कालवली की असे हलके दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीत धरून सावलीत वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली आजच्या दाण्यांशी ताडून पाहायचे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचं उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलं. तिथे बार्ली म्हणजे सातू हे मुख्य धान्य दिसतं, शिवाय गहू, मसूर, कुळीथ आणि बोरं. हाडांचं काम वेगळं: दातांच्या झिजेवरून जनावराचं वय कळतं, सुरीच्या खुणांवरून ते कापलं होतं हे कळतं. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या आणि शिकारीतली हरणं तिथे सापडली आहेत. (शेळी आणि मेंढी नुसत्या हाडांवरून ओळखताना तज्ज्ञही अडतात, म्हणून अहवालांत दोन्ही बहुधा एकत्रच मोजतात.) मात्र यातून पूर्ण ताट समजतं असं धरू नका. पालेभाज्या, कंद, दूध-दही सहसा असे दाणे मागे ठेवत नाहीत, आणि सातूचे दाणे जास्त सापडले म्हणजे तो तेवढ्याच पटीने जास्त खाल्ला जायचा असंही नाही. कदाचित तो भाजताना जास्त करपत असेल.